साकोलीच्या जागी सहा प्रश्नचिन्हे

भंडारा जिल्ह्यात तालुके सात : भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर. समजा, साकोलीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने धान खरेदीच्या नोंदींसाठी पीएचपीमध्ये छोटेसे संकेतस्थळ करायला घेतले, तर त्याची पहिली यादी या सात नावांचीच असणार. पानावर तालुका निवडायचा, बटण दाबायचे, नोंद मायएसक्यूएलमध्ये जमा. प्रत्यक्षात मात्र पडद्यावर साकोलीच्या जागी सहा प्रश्नचिन्हे उमटतात, पवनीच्या जागी चार आणि लाखांदूरच्या जागी आठ. मग कोणीतरी हमखास सांगतो, ‘सर्व्हरवर मराठी फॉन्ट टाक, होऊन जाईल.’

फॉन्टचा इथे काडीचाही संबंध नाही. फॉन्ट नसला तर रिकामे चौकोन दिसतात. प्रश्नचिन्ह दिसते याचा अर्थ वाटेत कुठेतरी अक्षराचे रूपांतर करायला गेले आणि ते जमले नाही. फॉन्टचा समज आला तो कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टच्या काळातून. तेव्हा फाइलीत रोमन अक्षरांचेच संकेत असत आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देई. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेलाही स्वतंत्र क्रमांक आहे. स, काना, क, ओकार, ल, दीर्घ वेलांटी : साकोली म्हणजे अशी सहा चिन्हे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे साकोलीचे अठरा बाइट झाले.

हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, कारण निदान त्यांच्यावरच होते. मायएसक्यूएलमध्ये ‘लेंग्थ’ हे फंक्शन बाइट मोजते आणि ‘कॅर_लेंग्थ’ अक्षरे. साकोलीच्या नोंदीवर दोन्ही चालवून पाहावीत. उत्तर १८ आणि ६ आले तर माहिती सुखरूप आहे; फक्त स्क्रिप्ट आणि डेटाबेस यांच्यातल्या जोडणीचा कॅरेक्टर सेट चुकला आहे. पीएचपीतून जोडायला मायएसक्यूएलआय वापरत असाल तर जोडणी झाल्याबरोबर ‘सेट_चारसेट’ला ‘यूटीएफ८एमबी४’ द्यायचे. पीडीओ असेल तर तेच नाव जोडणीच्या ओळीत लिहायचे. काम संपले.

दोन्ही उत्तरे ६ आली तर मात्र तक्त्यात खरोखरच प्रश्नचिन्हे साठली आहेत. ‘कन्व्हर्टर लावला की मराठी परत येते’ हा समज इथे उघडा पडतो. साकोली, भंडारा आणि मोहाडी, तिन्ही नावे सहा-सहा चिन्हांची. तिघांचीही सहा प्रश्नचिन्हे झाली, तर कुठले साकोलीचे आणि कुठले मोहाडीचे हे कोणता कन्व्हर्टर सांगणार? अशा वेळी जुना बॅकअप शोधायचा, नाहीतर नोंदी पुन्हा भरायच्या. मायएसक्यूएल ५.७ पासून ‘स्ट्रिक्ट मोड’ मुळातच चालू असतो. तो अशी नोंद न स्वीकारता १३६६ क्रमांकाची चूक दाखवतो. ती चूक नको म्हणून हा मोड बंद करणारे स्वतःच्याच माहितीवर पाणी सोडतात.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी : १८ आणि १८. संकेतस्थळावर मराठी स्वच्छ दिसते, पण डेटाबेस पाहण्यासाठी पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडले की चलनाच्या चिन्हांचा नुसता पसारा. साकोलीच्या चार चिन्हांपाशी चलनाचे गोल चिन्ह आणि ओकार-वेलांटीपाशी चक्क जपानी येनचे चिन्ह दिसते. ‘साइटवर दिसते आहे ना, मग बरोबरच असणार’ असे म्हणून हे वर्षानुवर्षे चालू राहते. खरे तर स्क्रिप्टने यूटीएफ-८ चे बाइट पाठवले, डेटाबेसने ते लॅटिन-१ समजून ठेवले आणि तसेच परत दिले. दोन्हीकडच्या चुका एकमेकींना झाकतात. होस्टिंग बदलले किंवा कोणी शहाण्याने जोडणी दुरुस्त केली, की सगळे उघड्यावर येते. ही माहिती मात्र वाचवता येते. तो स्तंभ आधी बायनरी प्रकाराचा करायचा आणि मग यूटीएफ८एमबी४चा. मधली पायरी गाळून थेट ‘कन्व्हर्ट’ केले तर गोंधळ दुप्पट होतो.

हे लॅटिन-१ मुळात आले कुठून? मायएसक्यूएल १९९५ साली स्वीडनच्या कंपनीने काढले. आवृत्ती ५.७ पर्यंत त्याचा मूळ कॅरेक्टर सेट लॅटिन-१ होता आणि वर्णक्रम (कोलेशन) स्वीडिश. साकोलीतल्या प्रकल्पाच्या तक्त्यावर ‘स्वीडिश’ लिहिलेले दिसते ते त्यामुळे. यूटीएफ८एमबी४ २०१० मध्ये आवृत्ती ५.५.३ सोबत आले आणि २०१८ च्या ८.० पासून तेच मूळ ठरले. मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये एका चिन्हाला तीनच बाइट मिळतात. मराठी त्यात बसते, इमोजी बसत नाही.

आता जोडणीच होत नाही त्या तक्रारीकडे. ‘पासवर्ड चुकला असेल’ हे त्यावरचे सर्वमान्य निदान, आणि तेही अर्धेच खरे. १०४५ क्रमांक आला तर स्क्रिप्ट सर्व्हरपर्यंत पोचली आणि सर्व्हरने आत घेतले नाही. त्याच संदेशाच्या शेवटी ‘युजिंग पासवर्ड : नो’ असे असेल, तर पासवर्ड चुकलेला नसून पाठवलाच गेलेला नाही, बहुतेक वेळा व्हेरिएबलचे नाव चुकलेले असते. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. २००२ आला तर सर्व्हर भेटलाच नाही, आणि तेव्हा पासवर्ड बदलत बसणे निव्वळ वेळ घालवणे आहे. लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिले की जोडणी सॉकेट फाइलमधून होते, १२७.०.०.१ लिहिले की ३३०६ या पोर्टवरून. दोन्ही एकच असे समजणारे २००२ पुढे तासन्‌तास अडकतात.

‘माझ्या लॅपटॉपवर चालते, म्हणजे दोष होस्टिंगवाल्याचा’ हे वाक्य तर प्रकल्प सादर करायच्या आठवड्यात सगळीकडे ऐकू येते. विंडोजवर तक्त्याच्या नावातले लहान-मोठे रोमन अक्षर सारखेच धरले जाते. लिनक्सवर ते वेगळे. सीपॅनेल असलेल्या होस्टिंगवर डेटाबेसच्या आणि वापरकर्त्याच्या नावाआधी सहसा खात्याचे नाव लागते. लॅपटॉपवर पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवणाऱ्या झॅम्पच्या पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेले असले तरी २०१५ पासून आत मारियाडीबी आहे. म्हणून मायएसक्यूएल ८ मधून काढलेली फाइल त्यात भरताना वर्णक्रम अनोळखी म्हणून १२७३ ची चूक येते. आणि संकेतस्थळ ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ वापरत असेल, तर होस्टिंगवाल्याशी भांडून उपयोग नाही. ते फंक्शन डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७.० मधून काढूनच टाकले आहे. जुनी पुस्तके आणि नोट्स अजून तेच शिकवतात, हे दुर्दैव.

वीज गेली, संगणक धाडकन बंद पडला, आणि झॅम्पमधले मायएसक्यूएल सुरूच होईना, हाही नेहमीचा प्रकार. त्यावर ‘डेटा फोल्डर उडव, त्याजागी बॅकअप फोल्डर ठेव’ असा मंत्र तोंडोतोंडी फिरतो. त्या बॅकअप फोल्डरला नाव भलतेच मिळाले आहे : त्यात नव्याकोऱ्या झॅम्पची प्रत असते, तुमच्या नोंदींची नव्हे. ‘आयबीडेटा१’ नावाची आपली मूळ फाइल त्याने पुसली गेली, की तक्त्यांची नावे दिसतात पण तक्ते उघडत नाहीत. काहीही उडवण्याआधी डेटा फोल्डरची पूर्ण प्रत दुसरीकडे ठेवावी आणि त्यातला ‘मायएसक्यूएल_एरर’ लॉग वाचावा. कित्येकदा बिघाड काहीच नसतो. दुसऱ्याच एखाद्या मायएसक्यूएलने ३३०६ पोर्ट अडवून ठेवलेले असते.

राहता राहिली चूक लपवायची सवय. ओळीच्या सुरुवातीला ‘@’ लावला की इशारा दिसत नाही, म्हणून अनेक जण त्यालाच दुरुस्ती समजतात. दुसऱ्या टोकाचे लोक खुल्या संकेतस्थळावर सगळ्या चुका दिसू देतात. पीडीओची न हाताळलेली चूक तपशिलासह छापली गेली, तर पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत तिच्यात पासवर्डही दिसू शकतो. संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्याआधी ‘डिस्प्ले एरर्स’ बंद करा, ‘लॉग एरर्स’ चालू करा, आणि कोणाची मदत मागायची झाल्यास लॉगमधला क्रमांक आणि पूर्ण संदेश पासवर्ड झाकून पाठवा.