नोंदीतून उद्भवणारी नोंद

संगणकाच्या सर्व यंत्रभागांवर ज्या मूळ कार्यक्रमाचे नियंत्रण असते, त्यास ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा अथवा कर्नल असे म्हणतात. स्मृती अपुरी पडली किंवा एखादा भाग नादुरुस्त झाला, तर कर्नल त्याची नोंद करून ठेवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिनक्स या प्रणालीत हे काम 'प्रिंटके' नावाचा उपकार्यक्रम करतो. यंत्र अकस्मात बंद पडले, तर त्याचे कारण बहुधा या नोंदींवरूनच कळते.

नोंदींसाठी स्मृतीचा ठरावीक भाग राखलेला असतो. त्यास आपण वही म्हणू. वही भरली की सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी नवी नोंद लिहिली जाते. अनेक प्रोसेसरांनी एकाच वेळी लिहून गोंधळ करू नये म्हणून पूर्वी या वहीला एक कुलूप असे. कुलूप ज्याच्या ताब्यात, त्यानेच लिहावे; इतरांनी थांबावे, असा नियम होता.

परंतु नोंद लिहिण्याच्या कामातच दोष आढळला तर? त्या दोषाची सूचनाही प्रिंटकेमार्फतच लिहावयाची असते. प्रिंटके पुन्हा कुलूप मागतो; ते तर त्याच प्रोसेसरच्या ताब्यात असते. पहिली नोंद पुरी झाल्याखेरीज कुलूप सुटत नाही आणि दुसरी लिहिल्याखेरीज पहिली पुरी होत नाही. तो प्रोसेसर कायमचा खोळंबतो, पाठोपाठ इतरही अडकतात आणि वहीत कारणाचा मागमूस उरत नाही. कुलूप नसते तरी संकट टळत नाही. प्रत्येक नोंद नव्या नोंदीस जन्म देत राहिली, तर कर्नलची कामचलाऊ स्मृती लवकरच संपते.

यावर प्रथम सोपा उपाय योजण्यात आला. कुलूप कोणाकडे आहे हे पाहून, तोच प्रोसेसर पुन्हा आला तर नवी नोंद टाकून द्यावयाची आणि असे घडल्याचा उल्लेख तेवढा पुढे करावयाचा. त्यामुळे यंत्र बहुधा वाचे. दोष कोणता, हे मात्र कळत नसे. २०१७ मध्ये प्रत्येक प्रोसेसरला जणू एक सुटा कागद देण्यात आला. अडचणीच्या वेळी त्यावर लिहावे आणि सवडीने वहीत उतरवावे, अशी ही व्यवस्था होती. पण उतरवण्यापूर्वीच यंत्र कोसळले, तर तो मजकूर हरवण्याचा धोका राहिलाच.

डिसेंबर २०२० मधील ५.१० या आवृत्तीत वहीची रचनाच बदलली. आता लिहिणारा आधी आपली जागा राखतो. त्यामुळे अर्धवट नोंदीला धक्का न लावता दुसरी नोंद पुढील जागेत लिहिता येते. ऑक्टोबर २०२१ च्या ५.१५ आवृत्तीत सुटे कागद काढून टाकण्यात आले आणि एक मर्यादा घालण्यात आली : नोंदीच्या पोटी नोंद, अशा तीन पातळ्यांपर्यंत मजकूर स्वीकारावा, त्यापुढील टाकून द्यावा. दोषाची ओळख पटण्यास पहिल्या काही नोंदी पुरेशा होतात. पुढची पुनरुक्ती लिहीत बसल्यास यंत्रच हातचे जाण्याची भीती असते.