'बसा' म्हणायला मंजुरी लागत नाही

परवा तळोदा तालुक्यात शेतकरी मेळावा झाला. हार, नारळ, सत्कार यथासांग. तासाभरात 'सन्माननीय' इतक्यांदा ऐकलं की मोजदाद सुटली. मेळावा आटोपला आणि सत्तरीचे एक आजोबा कापसावरच्या बोंडअळीचं विचारायला पुढे आले. माझ्या तोंडून निघालं, "बोल, काय काम आहे तुझं?"

आजोबा म्हणाले, "साहेब, तुम्ही जेवलात का?"

मान खाली गेली. याच तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३८ मध्ये आदिवासींची आरती चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, असं सांगतानाच लहानथोर सगळ्यांना 'आप' म्हणायला शिकवलं. अनुयायांचा नमस्कारच 'आप की जय'. ज्यांना जन्मभर अरे-तुरे ऐकावं लागलं, त्यांनी एकमेकांना मान दिला.

आणि आपण? साहेब आला की खुर्ची पुसतो, सातबाऱ्यासाठी आलेला म्हातारा मात्र दारात उभा. मंडळी, 'बसा' म्हणायला ना अनुदान लागतं, ना तांत्रिक मंजुरी.

पुढच्या आठवड्यात आजोबांच्या शेतावर जायचंय. बोंडअळीचं उत्तर तयार आहे. 'तुम्ही' तेवढं घोटून घेतोय.