धूर दिसला, म्हणजे पिस्टन गेला का?

मंडळी, डोंगरावर धूर दिसला की तिथे आग असणार, हे न्यायदर्शनातलं अनुमान आपण मागे पाहिलं. पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या गॅरेजांत तेच रोज चालतं: निळा धूर आला, म्हणजे ऑइल जळतंय. इथपर्यंत ठीक. पण ‘म्हणजे पिस्टन गेला, इंजिन खोला’ ही पुढची उडी तपासायला हवी. तिची किंमत गाडीमालक मोजतो.

उलट बाजूही बघा. चाकणच्या फोर्जिंग शॉपमधल्या लालबुंद लोखंडात आग असते, धूर नसतो. तसंच ऑइल जळत असूनही कॅटलिटिक कन्व्हर्टरमुळे धूर दिसत नाही, असं होतं. म्हणून डिपस्टिकवर दर हजार किलोमीटरला ऑइल किती घटलं ते मोजायचं.

टर्बो इंजिनात ऑइलला चार वाटा असतात: टर्बोचे सील, ब्रीदर, व्हॉल्व्ह सील आणि पिस्टनच्या रिंगा. रात्रभर उभी गाडी चालू करताना भसकन धूर येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर नेहमीचाच. साचलेलं दिसलं, तर टर्बो आणि ब्रीदर बघायचे. टर्बोचा ऑइल परतीचा पाइप तुंबलेला असेल, तर नवा टर्बोही गळणार.

मग कॉम्प्रेशन. एका सिलिंडरचं कमी भरलं, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये. नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्हमध्ये. मात्र कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत. ऑइल निपटणारी खालची रिंग कार्बनने जाम झाली, तरी दाब टिकतो.

समजा, पिस्टन खरंच फुटलेला निघाला. टर्बो पेट्रोल इंजिनावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर जोर टाकला, तर स्पार्कआधीच मिश्रण पेटू शकतं आणि त्या दणक्याने दोन रिंगांमधली कड तुटते. सिलिंडरमध्ये शिरलेला ऑइलचा थेंबही अशी ठिणगी ठरतो. म्हणजे पिस्टन फुटला म्हणून ऑइल जळतंय, की ऑइल जळत होतं म्हणून पिस्टन फुटला? दोन्ही शक्य आहे. ती वाट बंद न करता नुसता पिस्टन बदलला, तर नवाही तसाच जाईल. २०२० साली आलेल्या एपीआय एसपी दर्जाच्या ऑइलला या अकाली पेटण्याविरुद्ध चाचणी द्यावी लागते, ती याचसाठी.

तेव्हा इंजिन खोलायला होकार देण्याआधी मिस्त्रींना तीन गोष्टी विचारू: ऑइल किती घटतंय, कॉम्प्रेशनचे आकडे काय आले आणि टर्बोचा परतीचा पाइप बघितला का?