वृक्षवासी निवडुंग

निवडुंग म्हटला की रखरखीत माळ आणि काटे यांचेच चित्र आपल्या मनश्चक्षूंपुढे उभे राहते. परंतु मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या दमट अरण्यांत याच कुलातील कित्येक जाती वृक्षांच्या फांद्यांवर सुखाने नांदतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बांडगुळाप्रमाणे त्या आश्रयवृक्षाचा रस शोषीत नाहीत. त्या केवळ जागेपुरती कुळे असून, बेचक्यांत साचलेला पालापाचोळा आणि पर्जन्यजल यांवरच त्यांचा निर्वाह चालतो, म्हणून शास्त्रज्ञ त्यांस ‘अपिवनस्पती’ म्हणतात. छायेत प्रकाश दुर्मिळ, म्हणून अनेकांचे खोड चपटे, पानासारखे झाले आहे आणि काटे लुप्तप्राय झाले आहेत.

आपल्याकडे ‘ब्रह्मकमळ’ म्हणून कौतुकाने जोपासले जाणारे, रात्री उमलून पहाटे मिटणारे शुभ्र फूल वस्तुतः ‘एपिफायलम ऑक्सिपेटॅलम’ नामक याच वर्गातील निवडुंगाचे होय. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुलातले. फूल पानातून उगवल्याचा जो भास होतो, त्याचे कारण ते ‘पान’ म्हणजे खोडच असते.

वर्गीकरणाच्या दफ्तरात १७५३ साली लिनीअसने सारे निवडुंग ‘कॅक्टस’ या एकाच प्रजातीत दाखल केले होते. १८१२ साली हावर्थने ‘एपिफायलम’ची स्वतंत्र नोंद केली. आज वृक्षवासी निवडुंगांचे हायलोसेरीई आणि ऱ्हिप्सॅलिडी असे दोन प्रमुख गण मानतात. यांपैकी दुसऱ्या गणातील ‘ऱ्हिप्सॅलिस बॅक्सिफेरा’ ही जाती अमेरिकेबाहेर, आफ्रिकेत व श्रीलंकेतही, निसर्गतः आढळते, हे तिचे वैशिष्ट्य विलक्षणच म्हटले पाहिजे.