सुलतानाच्या पत्रांच्या नकला 'युनेस्को'च्या यादीत कशा पोहोचल्या?

१० मार्च १९०९. बँकॉकमध्ये ब्रिटन आणि सयाम (आजचं थायलंड) यांच्यात करार झाला आणि केदाह हे मलय राज्य सयामकडून ब्रिटिशांकडे गेलं. करारावर केदाहच्या सुलतानाची सही नव्हती.

मग त्या काळात केदाहच्या दरबारात काय चाललं होतं, हे शोधायचं कुठे? लंडन-बँकॉकच्या फायलींत त्या दोन राजधान्यांचीच बाजू जास्त. दरबाराची बाजू सापडते ती सुलतान अब्दुल हमीद (कारकीर्द १८८२ ते १९४३) यांच्या पत्रव्यवहारात. मलेशियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जपलेला हा ठेवा २००१ मध्ये युनेस्कोच्या 'मेमरी ऑफ द वर्ल्ड' यादीत गेला.

राजाचं पत्र म्हटलं की सोनेरी वेलबुट्टी डोळ्यांसमोर येते. इथला खरा ऐवज मात्र वह्यांमध्ये आहे. दरबारातून जाणाऱ्या पत्रांची नक्कल वहीत उतरवली जायची. म्हणजे ईमेलचं 'सेंट' फोल्डरच! मूळ पत्र ज्याला गेलं त्याच्याकडे हरवलं, तरी दरबाराची प्रत उरते.

अडचण आहे ती लिपीची. भाषा मलय, पण लिपी अरबी अक्षरांवर आधारलेली जावी. आज मलेशियात मलय प्रामुख्याने रोमन लिपीत लिहिली जाते. त्यात जुन्या जावीत अनेक स्वर गाळलेले असतात. एखाद्या माणसाचं किंवा गावाचं नाव दोन तऱ्हांनी वाचता येतं. त्यामुळे रोमन प्रत तयार झाली म्हणून मूळ वही अडगळीत टाकता येत नाही. नावाबद्दल शंका आली, तर शेवटी तीच उघडावी लागते.