शेगडीआधी वायर बघा

उजनीच्या फुगवट्याकाठी वाशिंबे, केत्तूर, कंदर या पट्ट्यातला शेतकरी पाण्याची मोटार घ्यायला निघाला की त्याचा हिशोब आधीच झालेला असतो. किती एचपी, डीपीपासून पाणी किती लांब, त्याला केबल किती जाडीची, स्टार्टर कोणता. केबल बारीक पडली की मोटार जळते, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. त्याच घरात विजेची शेगडी आली, की ती मात्र मिक्सरच्या प्लगला जोडली जाते. २००० वॉटची शेगडी म्हणजे अडीच एचपीहून जास्त भार. करमाळ्यात आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर गॅसच्या जोडीला इंडक्शन घेणाऱ्या प्रत्येकाने मोटारीचा तोच हिशोब स्वयंपाकघरातही करायला हवा.

प्लग कोणता?

शेगडीच्या मागच्या पट्टीवर वॉट लिहिलेले असतात. त्याला २३० ने भागा, अँपिअर मिळतील. २००० वॉटला सुमारे पावणेनऊ अँपिअर येतात. घरातला लहान प्लग ६ अँपिअरचा, म्हणजे जेमतेम १३८० वॉटचा. त्यावर मोबाईल, मिक्सर, टीव्ही चालतो. मोठ्या शेगडीला जाड पिनांचा १६ अँपिअरचा पॉवर प्लगच लागतो. मोठी पिन लहान सॉकेटमध्ये बसवणारा अडॅप्टर किंवा स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड लावला, तर शेगडी चालते खरी, पण भार सगळा त्या लहान पत्तीवर येतो.

मिक्सर मिनिटभर फिरतो, शेगडी भाकऱ्या होईपर्यंत अर्धा-पाऊण तास सलग चालते. तेवढ्या वेळात सैल पत्ती तापते. आज आपल्या ओट्यावरचा बोर्ड नीट पाहा. पिनेच्या भोकाभोवती पांढरे प्लास्टिक पिवळे किंवा तपकिरी पडले असेल, स्वयंपाक झाल्यावर प्लग हाताला गरम लागत असेल, करपल्यासारखा वास येत असेल, तर ते सॉकेट बाद झाले. आतली वायरही तपासून घ्यायची वेळ आली.

भिंतीतली वायर

दिवे-पंख्यांना साधारण दीड एमएमची वायर असते. पॉवर प्लगला तांब्याची अडीच एमएम हवी, आणि ती मुख्य बोर्डापासून ओट्यापर्यंत स्वतंत्र हवी. त्याच लाइनवर गीझर असेल, तर दोन्ही मिळून १७ अँपिअरच्या पुढे जातात. चार चुलींचा मोठा हॉब बसवायचा असेल, तर गोष्ट वेगळी. त्यातले काही ७००० वॉटपर्यंत, म्हणजे ३० अँपिअर ओढतात. तिथे प्लगचा प्रश्नच नाही. जाड वायर, वेगळा एमसीबी आणि थेट जोडणी लागते.

इथे एक चूक सर्रास होते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी बसवला जातो, किंवा जुन्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळली जाते. एमसीबीचे काम भिंतीतली वायर वाचवण्याचे आहे. वायर तीच ठेवून तो वाढवला, तर पुढे एमसीबी पडणार नाही, वायर जळेल. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची वायर आधीच तापलेली असते, हेही धरून चाला.

वस्तीवरचे व्होल्टेज

गावठाणापेक्षा वस्तीवर अडचण जास्त. पोलपासून घर १०० मीटर लांब असेल आणि तांब्याची दीड एमएम वायर टाकलेली असेल, तर २००० वॉटच्या शेगडीला सुमारे २१ व्होल्ट वाटेतच गळतात. म्हणजे जवळपास १८० वॉट नुसती वायर तापवण्यात जातात, आणि मीटर पोलजवळ असेल, तर त्याचे बिलही आपणच भरतो. चार एमएम घेतली, तर गळती ८ व्होल्टवर येते. अ‍ॅल्युमिनियमची अडीच एमएम वायर या कामाला तांब्याच्या दीड एमएमइतकीच पडते, हे खरेदी करताना विसरू नका.

आजूबाजूच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज आणखी बसते. कॉइलची शेगडी १८० व्होल्टवर २००० ऐवजी सव्वाबाराशे वॉटच देते. भात शिजायला वेळ लागतो, इतकेच. इंडक्शनचे तसे नाही. ते ताकद टिकवायला जास्त अँपिअर ओढते आणि व्होल्टेज फारच खाली गेले की बंद पडते. म्हणून खरेदीआधी ऐन भाराच्या वेळी सॉकेटवर मीटर लावून व्होल्टेज मोजून घ्या. घरचा साधा इन्व्हर्टर शेगडी ओढत नाही, तेव्हा वीज गेल्यावर गॅस किंवा चूल लागणारच.

अर्थिंग

तिसरी जाड पिन शोभेची नाही. कॉइलच्या शेगडीत तार पातेल्याला टेकली, तर करंट पातेल्यात उतरतो. अर्थिंग असेल, तरच तो जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. आपली मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी ठाक पडते आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत खरेच आली आहे का, तेही बघा. त्याच्या जोडीला मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वायर वाचवतो एमसीबी, माणूस वाचवतो आरसीसीबी.

बिलावरचा मंजूर भार

महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ अशी ओळ असते. तिथे एक किलोवॉट असेल आणि घरात दोन किलोवॉटची शेगडी येणार असेल, तर भार वाढवून घेण्याचा अर्ज करा. एकाच डीपीवर दहा घरांनी न कळवता शेगड्या लावल्या, तर त्रास दहाही घरांना होतो. एका साध्या शेगडीसाठी थ्री-फेजची गरज नाही. त्याचा स्थिर आकारही जास्त असतो. मोठा हॉब, गीझर, एसी सगळे एकत्र चालवायचे असेल, तरच त्याचा विचार करा. खर्चाचे गणितही आधी मांडा. २००० वॉटची शेगडी पूर्ण ताकदीवर अर्धा तास चालली की एक युनिट. रोज दीड युनिट म्हणजे महिन्याला ४५. शंभर युनिटच्या आत राहणारे घर एवढ्याने वरच्या दरात जाऊ शकते.

शेगडी निवडताना काच, रंग, बटणे नंतर बघा. आधी परवानाधारक इलेक्ट्रिशियनला घरी बोलावून पोलपासून ओट्यापर्यंतची वायर, एमसीबी, सॉकेट आणि अर्थिंग तपासून घ्या, आणि आयएसआय मार्क असलेलेच सामान वापरा. या कामात वाचवलेले पैसे पुढे जळालेल्या बोर्डापायी दुपटीने जातात, आणि शॉक बसला तर भरपाई कशानेच होत नाही.