ठेका कोणी धरायचा?

साल १९७४. आमच्या ताईला पाहायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बशा फिरल्या, शिक्षण-उंची-स्वयंपाक हे प्रश्न झाले आणि मुलाच्या काकांनी पानाला चुना लावता लावता फर्मावलं, "गाणं येतं म्हणे मुलीला. म्हणून दाखव बघू एखादं." ताईनं पेटी पुढे ओढली. तबला-डग्गा घेऊन मी बसलो. माझं वय चौदा. अंतऱ्यात एका जागी तिचा आवाज चिरकला. ती थांबली आणि मान खाली घालून म्हणाली, "चुकलं. माफ करा हं." तिच्यापाठोपाठ मीही हात काढून घेतला. "असू दे, असू दे," काकू म्हणाल्या. मायेनंच म्हणाल्या. पण त्या दिवसानंतर ताई गायली नाही. लग्न दुसरीकडे झालं, संसार चांगला झाला. पेटी माळ्यावर गेली.

ही गोष्ट आज सांगतो आहे ती ताईच्या नातीमुळे. ही तेरा वर्षांची पोरगी गिटार शिकते. मागच्या महिन्यात तिनं मला 'गर्ल्स रॉक!' हा २००७ सालचा माहितीपट दाखवला. "मामाआजोबा, झोपायचं नाही हं," अशी ताकीदही दिली. झोप लागणं शक्यच नव्हतं, एवढा त्यात गोंगाट!

गोष्ट आहे अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराची. तिथल्या विद्यापीठात शिकणाऱ्या मिस्टी मॅकेलरॉय या तरुणीनं २००१ च्या उन्हाळ्यात, स्त्री-अभ्यास या विषयातला प्रकल्प म्हणून, मुलींसाठी रॉक संगीताचं शिबिर भरवलं. आठ ते अठरा वयाच्या मुली. बऱ्याच जणींनी आयुष्यात कधी वाद्य हातात धरलेलं नाही. सोमवारी यायचं, गिटार, बास, ड्रम किंवा गाणं यांतलं एक निवडायचं, चार-पाच जणींनी मिळून बँड करायचा, त्याला नाव द्यायचं, स्वतःचं गाणं रचायचं आणि आठवड्याअखेरीस भरल्या सभागृहात ते वाजवायचं! शिकवायला पुरुष उस्ताद नाहीत. रॉक वाजवणाऱ्या बायकाच. मधल्या वेळात स्वसंरक्षणाचे धडे. पुढे अशी शिबिरं गावोगावी निघाली आणि २००७ साली त्यांचा संघही झाला.

या शिबिरांतून एक रीत रुजली. चूक झाली आणि तोंडून 'सॉरी' निघालं, की त्याऐवजी 'आय रॉक' म्हणायचं. म्हणजे आपल्या भाषेत, 'मी भारी आहे!' मला आधी हसू आलं. मग ताईची खाली घातलेली मान आठवली आणि हसू मावळलं.

याला आधीचा इतिहास आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिया गावी १९९१ च्या सुमारास काही तरुणींनी 'रायट गर्ल' नावाची चळवळ उभी केली. रॉकच्या मैफलीत रंगमंचापुढे पोरांची धक्काबुक्की चाले आणि मुली भिंतीला टेकून उभ्या राहत. 'बिकिनी किल' या बँडची गायिका कॅथलीन हॅना मंचावरून मुलींना पुढे बोलवी आणि पोरांना मागे सरकायला लावी. तेवढ्यानं मैफलीचा नकाशा बदले.

न्यूयॉर्कमध्ये २००४ साली निघालेल्या शिबिराला विली मे थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेचं नाव दिलं गेलं. 'हाउंड डॉग' हे गाणं म्हटलं की एल्विस प्रेस्ली आठवतो. पण त्याचं ध्वनिमुद्रण १९५६ चं. विली मे यांनी ते १९५२ सालीच गायलं होतं. त्यापोटी आपल्याला पाचशे डॉलरचा एकच चेक मिळाला, असं त्या सांगत. आयुष्यभर चेक पास केलेल्या माणसाला ही नोंद वाचून गप्प बसवत नाही.

कुणी विचारील, यासाठी रॉकच कशाला? आपलं गाणं काय वाईट? मुळीच नाही. पण आपल्या तालमीत मैफलीला बसायच्या आधी वर्षानुवर्षं घासावं लागतं, आणि त्या विद्येला तेच शोभतं. रॉकचं तसं नाही. तीन कॉर्डमध्ये गाणं उभं राहतं, आवाज खरखरीत असला तरी चालतं, आणि अँप्लिफायर लावला की दहा वर्षांच्या पोरीचा आवाज दांडग्या बाप्याइतका मोठा होतो. मुख्य म्हणजे गाणं तिचं स्वतःचं असतं. आमच्या घरात ताई जे गायली, ते पसंत पडण्यासाठी गायली.

स्वतःचं गाणं आपल्याकडेही होतंच. जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या खटाटोपातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. सासर, माहेर, नवरा, विठोबा, मनातलं सगळं त्यांत आहे. मात्र हे गाणं पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीआड. आणि जात्याला समोर दुसरी बाई असे, खुंट्याला हात लावून. एकीचा दम तुटला तरी जातं थांबत नसे.

हा समोरचा हात महत्त्वाचा. बँकेत तालुक्याच्या शाखेत असताना बायका पैसे काढायची स्लिप पुढे करून म्हणत, "साहेब, तुम्हीच भरा. माझं चुकंल." आम्ही भरून देत होतो आणि त्याला मदत समजत होतो. आमच्या एक कॅशियर बाई मात्र कोऱ्या स्लिपांचा गठ्ठाच समोर ठेवत. म्हणत, "चुकली तर दुसरी घ्या. फुकट आहे." त्यांच्या खिडकीवर रांग लांब लागे, मॅनेजरही कुरकुरत. पण वर्षभरात त्या रांगेतल्या कितीतरी जणी स्वतः स्लिप भरू लागल्या.

हा हात नसला तर काय होतं? काश्मीरमध्ये दहावीतल्या तीन मुलींनी 'प्रगाश', म्हणजे प्रकाश, नावाचा रॉक बँड काढला. डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरच्या एका स्पर्धेत त्यांनी बक्षीसही मिळवलं. मग इंटरनेटवरून शिव्या आणि धमक्या सुरू झाल्या, मुख्य मुफ्तींनी हे धर्माविरुद्ध असल्याचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये बँड बंद पडला. मुख्यमंत्र्यांनी पाठिंबा दिला होता, पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. पण तोवर पोरींनी वाद्यं खाली ठेवली होती.

याच्या उलट गोष्ट इंडोनेशियाची. पश्चिम जावामधल्या गारुत भागात एका खेड्यातल्या इस्लामी शाळेत २०१४ साली हिजाब घेणाऱ्या तीन मुली एकत्र आल्या. नाव घेतलं 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत'. त्यांच्या सुंदानी भाषेत बाचेप्रोत म्हणजे गोंगाट, वटवट! मुलींना जे करू नका म्हणून बजावतात, तेच नाव. विरोध इथेही झाला, धमक्याही आल्या. पण शाळेतला समुपदेशक शिक्षक मागे हटला नाही. २०२४ साली या तिघी इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात वाजवणारा इंडोनेशियाचा पहिला बँड ठरल्या.

एका आठवड्याच्या शिबिरानं आयुष्य बदलतं, असं मी म्हणणार नाही. धर्म, घर, लग्नाचा बाजार ही ओझी गिटारनं हलकी होत नाहीत. पण गाणारीचा सूर हरवला की साथीदारानं करायचं काय, हे तबल्याच्या पहिल्या वर्षातच शिकवतात : ठेका सोडायचा नाही. ठेका चालू असला की गाणारी चुकली तरी समेवर परत येते. १९७४ साली मला ठेका येत होता. मी तो सोडला. काकूंच्या 'असू दे'पेक्षा ताईला माझ्या दोन आवर्तनांची गरज होती, हे कळायला मला पन्नास वर्षं लागली.

गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. नात गिटारवर काहीतरी स्वतःचं वाजवत होती. मध्येच अडखळली, थांबली आणि सवयीनं म्हणाली, "सॉरी, आजी."

ताई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माफी कुणाची मागतेस? पुढे वाजव."

मी खुर्चीच्या हातावर हलकेच ठेका धरला. ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.